निरोपाचे क्रियापद

नाशिकच्या श्रवण-मेंदू प्रयोगशाळेतल्या पडद्यावर चोवीस रेघा होत्या आणि त्यांतल्या सोळा आडव्या झाल्या होत्या. एक रेघ म्हणजे एक घर. घरात साठी ओलांडलेले एखादे माणूस, किंवा नवरा-बायको दोघेच, मुले परगावी.

"सोळा निजली," डॉ. मुजावर चष्मा कपाळावर सरकवत म्हणाले. "आठ अजून जागी आहेत. आणि त्या आठांत तुझं अठरा नंबर आहे, केतकी."

"ते मला सांगायचं नाही असं ठरलंय ना, सर?"

"सहा आठवडे संपले. क्रमांक उघडले. आता सांगतो."

अठरा क्रमांकाचे घर संगमनेरला, बसस्थानकामागच्या वसाहतीत होते. तिथे केतकीची आई राहत असे. संशोधकाने स्वतःच्या नातलगाची मोजमापे पाहू नयेत हा नियम केतकीनेच लिहिला होता, त्यामुळे ते घर मुजावरांकडे होते. सहा आठवडे तिने एकदाही विचारले नव्हते. आता तिने खुर्ची पुढे ओढली.

प्रयोगाचा पाया साधा होता. मेंदू जितके ऐकतो त्याहून जास्त अंदाज बांधतो. गळक्या नळाचा थेंब ठरल्या वेळी पडला नाही की आपले लक्ष चटकन तिकडे जाते. न पडलेल्या थेंबाला मेंदूने दिलेला तो प्रतिसाद असतो. केतकी गुंजाळने त्याला 'लोपस्पंद' हे नाव दिले होते आणि कपाळावर बांधायच्या हलक्या शिरपट्टीने तो घरच्या घरी मोजायची रीत बसवली होती. मुले घराबाहेर पडली की घर शांत झाले असे लोक म्हणतात. शिरपट्टीच्या हिशेबाने अशा घरातले माणूस दिवसाला दोन-तीनशे न झालेले आवाज ऐकत असते. जिन्यावर न वाजलेली पावले, न आपटलेले न्हाणीघराचे दार, कोणी न मारलेली "आई, टॉवेल!" अशी हाक.

या माणसांसाठी केतकीने 'विरळवणी' शोधली होती. मुलांचे नेहमीचे आवाज जुन्या चित्रफितींतून वेचायचे आणि ज्या त्या वेळी, ज्या त्या जागी, भिंतीत बसवलेल्या ध्वनिकळ्यांतून, म्हणजे आवाज टिपणाऱ्या आणि सोडणाऱ्या लहान बटणांतून, ऐकवायचे. रोज किंचित हळू. सहा आठवड्यांत आवाज शून्यावर येतो आणि मेंदूची अपेक्षाही त्याबरोबर खाली उतरते. माणसाला झोप लागते. रक्तदाब ताळ्यावर येतो.

आईच्या बाबतीत प्रश्न झोपेचा नव्हता. तो संध्याकाळच्या सात-दहाचा होता. केतकी कॉलेजात असताना नाशिकहून सुटणारी गाडी पाच मिनिटे कमी सातला संगमनेरला लागायची आणि सात-दहाला केतकी दारात असायची. त्याला एकोणीस वर्षे झाली होती. आई मात्र अजून सात-दहाला हातातले काम टाकून उठे आणि लगबगीने दाराची कडी काढायला जाई. कडी काढल्यावर तिला आठवे. गेल्या वर्षी पायपुसण्यात पाय अडकून ती पडली आणि मनगट मोडले. यंदा पुन्हा पडली, तेव्हा खांद्यावर निभावले. हाडांच्या डॉक्टरांनी केतकीला बाजूला घेऊन सांगितले होते, "तिसऱ्या वेळी खुबा जाईल. या वयात खुबा गेला की माणूस उठत नाही."

"बघ," मुजावरांनी अठरा क्रमांकाची रेघ मोठी केली. "तेरा दिवस छान उतरतेय. चौदाव्या दिवशी उडी. पुन्हा उतरते, पुन्हा उडी. दर दुसऱ्या रविवारी."

"मी जाते त्या रविवारी."

"हो. जागी राहिलेली आठही घरं अशीच. मुलं येऊन-जाऊन असतात ती. जिथे सहा आठवड्यांत कोणी फिरकलंच नाही, ती पंधरा घरं गपगार."

"म्हणजे भेटीने अपेक्षा पुन्हा ताजी होते. सरळ आहे."

"सरळ असतं तर मी तुला चहा सोडून इथे बसवलं नसतं. सहा क्रमांक बघ. मुलगा दर रविवारी येतो, जेवतो, जातो. रेघ आडवी."

---

आठवड्याभराने आई तपासणीसाठी नाशिकला आली. मंदाकिनी गुंजाळ यांनी तेहेतीस वर्षे एसटीच्या नियंत्रण कक्षात बसून गाड्यांच्या घोषणा केल्या होत्या. अजूनही त्या बोलू लागल्या की आजूबाजूची माणसे नकळत सामान उचलत.

शिरपट्टी बांधून घेताना आई म्हणाली, "डॉक्टर, पोरगी सांगते, माझा मेंदू ऐकत नाही. लहानपणी मी तिच्याबद्दल हेच म्हणायचे."

"ऐकतो, ताई. जरा जास्तच ऐकतो." मुजावरांनी पडदा तिच्याकडे वळवला. "ही उडी दिसते? ही केतकी येते तेव्हाची नाही, जाते तेव्हाची आहे. आणि हा नुसता स्पंद नाही, लहर आहे. उठली की उठलेलीच राहते. आम्ही हिला प्रतीक्षालहर म्हणतो."

"म्हणजे काय?"

"समजा, मी शिट्टी वाजवतो आणि चार सेकंदांनी दिवा लावतो. चार-सहा वेळा असं झालं की नुसत्या शिट्टीनेच मेंदूत लहर उठते. दिव्याची वाट बघायला लागतो तो."

"आणि दिवा लावलाच नाही तर?"

"लहर तशीच."

"मग ती उतरते कधी?"

"दुसरा संकेत आला की. किंवा तो येणारच नाही अशी मेंदूची खात्री पटली की. तिसरी वाट नाही." ते केतकीकडे बघून हसले. "ही तुमच्या मुलीची वाक्यं आहेत. आमच्या शोधनिबंधात छापलीत."

"मग माझ्या दारात शिट्टी कोण वाजवतं?"

"तेच कळत नाहीये."

दाराजवळच्या ध्वनिकळीने टिपलेला मागच्या रविवारचा आवाज त्यांनी लावला. पिशवीची साखळी, चपलांची फरफट, केतकीचा आवाज, "येते गं आई." मग आईचे नेहमीचे "ये हं." मग कडी.

"थांबा," आई म्हणाली. "परत लावा."

त्यांनी परत लावले. आईने पडद्यावर बोट टेकवले, तिच्या कक्षातल्या वेळापत्रकावर टेकवत असेल तसे.

"इथे. शब्द संपतो तिथेच तुमची रेघ वर जाते. कडी वाजायच्या आधी." तिने केतकीकडे पाहिले. "ही काय म्हणाली? येते म्हणाली. मग माझा मेंदू काय चुकला? ती येते म्हणाली, तो वाट बघतोय."

मुजावरांनी सहा क्रमांकाच्या घराची दाराजवळची ध्वनिफीत काढली. सहाही रविवारी तिथे फक्त दार लागल्याचा आवाज होता. मुलगा कानात श्रवणबोंडे घालून एक शब्द न बोलता निघून जात होता. मग बाकीची सात घरे ऐकली. "येतो, बाबा." "चल, येते मी." "येतो, काळजी घे." प्रत्येक वेळी त्या क्रियापदाच्या शेवटच्या स्वरावर लहर उठत होती.

"आमच्या घरीही हेच," मुजावर हळूच म्हणाले. "चुकून 'जातो' म्हटलं तर अम्मी दारातून परत आत बोलवायची. बसवायची, पाणी पाजायची, मग सोडायची."

"तू स्टँडवर म्हणायचीसच की," केतकी आईला म्हणाली. "पुण्याकडे जाणारी, नगरकडे जाणारी."

"गाड्यांना म्हणतात जाणारी," आई म्हणाली. "माणसांना नाही."

---

नवा नियम एका ओळीचा होता. मुलांनी निघताना 'जाते' किंवा 'जातो' म्हणायचे. आठांपैकी पाच घरांनी प्रयोगातून अंग काढून घेतले. एका गृहस्थांनी फोनवर मुजावरांना विचारले, "तुम्हाला आई-बाप आहेत का?"

केतकीचा भाऊ निरंजन पर्थला असे. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "तायडे, तुझं सायन्स तुझ्यापाशी. दिवाळीत येईन तेव्हा मी आईला 'जातो' म्हणणार नाही."

"मग काहीच म्हणू नकोस. ते चालतं."

"म्हणजे मुक्यासारखा जाऊ?"

"ती पडली तर तू तिथून किती तासांत येशील, निरू?"

दिवाळीत तो खरोखरच काही न बोलता, नुसता पायाला हात लावून निघाला. आई नंतर आठवडाभर शेजारच्या पाटोळेबाईंना सांगत होती, "मोठा साहेब झाला, पण जाताना अगदी चोरासारखा गेला."

केतकीचा रविवार त्याआधी आला. पिशवी खांद्याला लावून ती दारात उभी राहिली. हा शब्द ती कामावर रोज म्हणत असे. जाते आणते, जाते बघते. दारात तो जिभेवर जड झाला.

"जाते, आई."

"ये हं," आई म्हणाली.

दोघी थांबल्या.

"अगं बाई, बिघडवलं मी. तेहेतीस वर्षांत एक घोषणा चुकली नाही माझी. ये आत, परत कर."

केतकीने आत येऊन चपला काढल्या, पुन्हा घातल्या. "जाते, आई."

आईने ओठ घट्ट मिटले. पण निरोपाला उत्तर न देणे तिला जमेना. तिने घसा खाकरला आणि नियंत्रण कक्षातला आवाज काढला. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. नाशिककडे जाणारी केतकी गुंजाळ फलाट क्रमांक एकवरून सुटत आहे."

केतकी रिक्षाथांब्यापर्यंत हसत होती. गाडीत तिने पुस्तक उघडले. नाशिक आले तेव्हा ते त्याच पानावर होते.

रेघ उतरली. पहिल्या रविवारनंतर लहर उठलीच नाही, आणि ती उठत नाही म्हटल्यावर विरळवणीला वाट मोकळी मिळाली. पाचव्या आठवड्यात अठरा क्रमांकाची सात-दहाची रेघ शेजारच्या सहा-पन्नाससारखीच सपाट होती. आई सात वाजता पाटोळेबाईंबरोबर कॅरम खेळायला बसू लागली. वजन दीड किलो वाढले. दाराकडे ती धावली नाही, पडली नाही.

डिसेंबरात एका कामासाठी केतकी अकोल्याला गेली होती. परतताना तिने वाट वाकडी केली आणि न कळवता संगमनेरला उतरली. गाडी ती नव्हती, वाटही ती नव्हती, पण ती दारात पोचली तेव्हा सात-दहा झाले होते. दार नुसते लोटलेले होते. तिने ते उघडले.

कॅरमची सोंगटी आईच्या बोटातून उडाली. तिने छातीवर हात ठेवला. "कोण आहे?"

"मी, आई."

"अगंबाई! तू होय!" आई उठली. तिने केतकीला खुर्चीवर बसवले आणि चहा आणला, तो बशीसकट. पाहुण्यांचे, सोनेरी काठाचे कप. केतकीचा टवका उडालेला चहाचा मग फडताळाच्या वरच्या फळीवर गेला होता. एवढ्या वर कोण काढणार म्हणून राहिला तिथेच, असे आई म्हणाली, आणि ते खरे होते.

पाटोळेबाई गेल्यावर आई म्हणाली, "खरं सांगू का? बरं वाटतंय मला. इतकी वर्षं हे घर म्हणजे फलाट झाला होता. आता घरासारखं वाटतं."

"छान," केतकी म्हणाली, आणि तिला ते छानच वाटायला हवे होते.

दुसऱ्या आठवड्यात मुजावरांनी दोन आलेख एकावर एक ठेवून तिच्या मेजावर सोडले. एक, केतकीने दार उघडले त्या क्षणाचा. दुसरा, आदल्या मंगळवारी कुरिअरवाल्याने दार वाजवले त्या क्षणाचा. त्याला ते 'नवखेपणाचा स्पंद' म्हणत. दोन्ही रेघा तंतोतंत जुळत होत्या. केतकीने अहवालात त्याची नोंद 'अपेक्षित परिणाम' या शीर्षकाखाली केली. दुसरे योग्य शीर्षक नव्हते.

---

जानेवारीत आईच्या मेंदूत, डाव्या बाजूला, रक्ताची गाठ झाली. ती पडली नव्हती. खुर्चीत बसल्या बसल्याच तिच्या हातातली सोंगटी सुटली, असे पाटोळेबाई म्हणाल्या. नाशिकच्या रुग्णालयात ती सहा दिवस होती. भेटीची वेळ चार ते पाच. दोन दिवस ती काहीच बोलली नाही, मग एखाद-दुसरा शब्द येऊ लागला, तोही भलताच. पाण्याला ती 'तिकीट' म्हणाली.

पाचव्या दिवशी वेळ संपल्याची घंटा झाली. केतकीने शाल सारखी केली आणि म्हणाली, "जाते, आई." पाच महिन्यांत तोंडाला तेच वळण पडले होते.

आईने डोळे उघडले. "येते," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण स्वच्छ, फलाटावर घुमेल असा.

सलाइन लावणाऱ्या सिस्टर हसल्या. "आजी, तुम्ही नका येऊ, त्याच येतील उद्या."

केतकीही हसली. तिच्या मनात आले, गाठ डावीकडे आहे, भाषेचे केंद्र दाबले गेलेय. क्रियापद बरोबर, कर्ता चुकला. आईला म्हणायचे असेल 'ये'. तिने आईच्या हातावर थोपटले आणि ती बाहेर पडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास रुग्णालयातून फोन आला.

मराठीत कर्ता न सांगताही वाक्य पूर्ण होते. निरोप घेताना 'येते' म्हटले की बोलणारी बाई स्वतःविषयी बोलतेय एवढे कळते. आणि निघणारे माणूसच ते म्हणते, राहणारे नाही. केतकीला हे उमगले ते बाराव्या दिवशी, संगमनेरच्या घरातल्या ध्वनिकळ्या भिंतीतून काढताना, हातात पेचकस असताना. कदाचित गाठीमुळेच शब्द चुकला असेल. विज्ञान म्हणून दोन्ही शक्यता सारख्याच होत्या. पण तिच्या मेंदूने त्यांतली एक तिला न विचारता केव्हाच निवडली होती, हे तिला मार्चमध्ये कळले.

मार्चमध्ये नव्या शिरपट्ट्या आल्या. त्या जुळवून घ्यायला एक निरोगी मेंदू लागतो, आणि दरवेळी केतकीच बसत असे. मुजावरांनी यंत्र दोनदा बंद करून सुरू केले. मग तिसऱ्यांदा.

"पट्टी खराब नाही, सर," ती म्हणाली. "मला दिसतेय."

तिची रेघ पायथ्यावर नव्हती. सकाळी अकराला नव्हती, दुपारी तीनला नव्हती. आईची लहर सात-दहाला टोक गाठायची, हिला ठरलेली वेळच नव्हती. उठून उभी होती.

"कधीपासून?" त्यांनी विचारले आणि लगेच म्हणाले, "राहू दे."

दोन दिवसांनी ते एक लहानशी ध्वनिफीत घेऊन आले. आईच्या तेहेतीस वर्षांच्या घोषणा एसटीच्या संग्रहात होत्या. घरातले सहा-सात महिन्यांचे आवाज प्रयोगशाळेकडे होते. त्यातून कोणताही शब्द तिच्या आवाजात घडवणे अवघड नव्हते. त्यांनी एकच घडवला होता.

"हे मी तुला विचारल्याशिवाय केलं," ते म्हणाले. "नको असेल तर पुसतो. पण तूच म्हणतेस, लहर अशी राहणं शरीराला बरं नाही. आईसाठी तू हेच केलंस."

"हो. तिनेही ऐकलं होतं माझं." केतकीने पट्टी बांधली. "लावा."

"जाते," आईचा आवाज म्हणाला. तोच सूर, शेवटचा स्वर तसाच किंचित लांबवलेला.

पडद्यावर एक उंच टोक उठले आणि मावळले. त्याच्याखाली लहर होती तशीच होती. मुजावर पुढे वाकले. ते टोक त्यांनी शंभरदा पाहिले होते. कुरिअरवाला दारात आला की उठते ते.

"आवाज तर हुबेहूब आहे," ते म्हणाले.

"आवाज तिचा आहे. शब्द तिचा नाही. तिने तो जन्मात कधी दारात उच्चारला नाही. माझ्या मेंदूला वाटलं, कोणीतरी परकी बाई आली."

"अजून सुधारता येईल. थोडा श्वास घालू, थोडं वय—"

"नको, सर."

त्यांनी ध्वनिफीत बंद केली. मग पडद्यावरच्या रेघेवर बोट ठेवून त्यांनी विचारले,

"किती दिवस राहील ही अशी?"

"आपणच लिहिलंय ना. दुसरा संकेत येईपर्यंत."

"किंवा...?"

"किंवा खात्री पटेपर्यंत," ती म्हणाली आणि पट्टी सोडवून पेटीत ठेवली. पडद्यावरची रेघ नाहीशी झाली. मोजणारे कोणी नाही म्हणून, दुसऱ्या कारणाने नाही.

पिशवी उचलून ती दारापाशी गेली. पाच महिन्यांचे वळण जिभेवर होते. ती क्षणभर थांबली.

"येते, सर."

"ये," मुजावर पडद्यावरून नजर न काढता म्हणाले.

इतका लहान शब्द होता तो. जानेवारीत, सिस्टर हसत होत्या तेवढ्या वेळात, आईला म्हणून झाला असता.